टोपल्याखालचं पीठ

मला कुठलीही गोष्ट सरळ गिळता येत नाही. आधी खडा शोधायचा, मग घास घ्यायचा. आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात कोणी काही सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "कशावरून?" त्यात मी पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले. मग काय, आगीत तेल! शाळेत माझ्यामागे मला "कशावरून मॅडम" म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणोत बापडे.

अशा बाईच्या शेजारी नऊ वर्षं माझी मैत्रीण बसली. आम्ही दोघी एकाच शाळेत, मी विज्ञानाला आणि ती मराठीला. यवतमाळहून नेरपर्यंत एसटी आणि पुढे शाळेच्या गावापर्यंत ऑटो, असं आमचं रोजचं अप-डाऊन. ड्रायव्हरच्या मागचं तिसरं बाक आमचं. ती खिडकीशी, मी आतल्या बाजूला. बसमधले बाकीचे मास्तर लोक बदल्यांवर आणि ऑनलाइन माहिती भरण्यावर तोंड वाजवायचे. आम्ही दोघी टीव्हीवरच्या मालिका बनवायचो. म्हणजे बनवायची ती, मोडायचं काम माझ्याकडे.

तिला विज्ञानाच्या मालिकांचं भारी वेड. अवकाशयानं, यंत्रमानव, काळाच्या मागेपुढे जाणारे लोक, असलं सगळं ती हिंदीत मोबाइलवर बघायची आणि सकाळी बसमध्ये त्यांचा उद्धार करायची.

"मले सांग, जग बुडते तं नेहमी समुद्राकडूनच काहून बुडते? आपल्या इकडं समुद्र कुठून आनाचा? आपन बुडाचंच नाई का?"

"तू बूड ना. कोण अडवून राह्यलं तुला?"

"मस्करी नको करू वं. अन् ते परग्रहावरचे लोकं. दरवेळी उंच इमारतीवरच उतरतात. नेरच्या कापूस बाजारात उतरले तं काय त्याइचे पाय झिजतीन?"

तिचं म्हणणं, आपल्या जिल्ह्याची स्वतःची अशी एक मालिका पाहिजे. मुकुटबनपासून उमरखेडपर्यंत कुठंही घडेल अशी, पण बघताना माणसाचं पाणी झालं पाहिजे. मग रोज एक कल्पना. अर्ध्या वाटेपर्यंत तिनं सांगायची आणि नेरचं स्टँड यायच्या आत मी निकाल द्यायचा, असा आमचा नियम होता.

माझी एक ठरलेली कसोटी होती. मी विचारायचे, "दळण कुठून आणतात?" जगाचा अंत झाला, वीज गेली, माणसं सहा भाग नुसती पळून राह्यली, सगळं कबूल. पण पोळी खातात ना? मग गिरणी कोण चालवतं? जिथं याचं उत्तर नाही ती मालिका नापास. ती असली चिडायची की समोरच्या बाकावरचे लोक वळून बघायचे. "अवं, तुले जगाचा अंत दिसून नाई राह्यला, गिरनी दिसून राह्यली!"

निकाल देण्याची पद्धतही ठरलेली. दिवाळीनंतर त्या खिडकीच्या काचेवर आतून धुळीचा थर असायचा. मी तिच्या अंगावरून हात लांब करायचे आणि बोटानं काचेवर फुली मारायचे. ती नाक मुरडायची. मग माझ्या फुलीच्या चारही टोकांना जोडणाऱ्या चार रेघा ओढून त्याचा पतंग करायची आणि त्याला खाली शेपटी काढायची. शेपटी लांबच लांब, हेलकावे खात काचेच्या पार चौकटीपर्यंत. माझी फुली दोन सेकंदांत व्हायची, तिची शेपटी स्टँड येईपर्यंत चालायची. मला तर बोटाची सवयच जडली. प्रयोगशाळेचं टेबल असो की शिक्षकखोलीतलं कपाट, धूळ दिसली की माझं बोट आपोआप फुली मारून मोकळं. शिपाई वैतागायचा, म्हणायचा, मॅडम, पुसाचं तं पुसा, नाई तं राहू द्या.

तिच्या कल्पना टाकाऊ होत्या असं मात्र नाही. खरं सांगते, काही तर पाठीवरून पाल सरपटावी अशा होत्या.

एक होती पंगतीची. गावात कुठलंही कार्य असो, पंगतीत एक माणूस जास्तीचा. पत्रावळी मोजून मांडल्या तरी एक कमी पडते. तो खाली मान घालून जेवतो आणि उठून जातो. मी लगेच पकडलं. म्हटलं, आपल्या इकडे अनोळखी माणूस दुसरा घास तोंडात घालायच्या आत शेजारचा विचारतो, "तुमी कोनाचे? गाव कोनतं?" तुझा पाहुणा पहिल्याच भागात सापडला.

ती म्हणाली, "तेच तं. तो बरोबर सांगते. विचारनाऱ्याच्याच आज्याचं नाव सांगते."

मी फुली मारली. मारायचीच होती, म्हणून मारली. पण त्या उन्हाळ्यात आमच्या नात्यातल्या एका लग्नात जेवताना मी समोरची ओळ दोनदा मोजली आणि तिसऱ्यांदा मोजायची हिंमत झाली नाही.

दुसरी होती बसचीच. यवतमाळ आणि नेरच्या मध्ये कुठंतरी रोज बारा मिनिटं गायब होतात. बसमधल्या सगळ्यांची. त्या बारा मिनिटांत बस कुठं जाते, ते कोणालाच आठवत नाही. मी म्हटलं, कंडक्टरच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावर वेळ छापलेली असते, लगेच कळेल. तिनं आमचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे फाडल्यापासून आतापावेतो काय काय पाह्यलं, सांग मले." मी आठवायला गेले. एक पूल आठवला, तोही कालचा की आजचा ते सांगता येईना. अप-डाऊनवाल्या माणसाला रस्ता आठवतच नाही, यात कसलं आलंय विज्ञान, असं म्हणून मी फुली मारली.

नऊ वर्षांत मी तिची एकही कल्पना पास केली नाही. आज हे लिहिताना लाज वाटते. तेव्हा गंमत वाटायची.

यंदा हिवाळ्यात एका वाहिनीनं लोकांकडून नव्या मालिकांच्या कल्पना मागवल्या. तीनशे शब्दांत लिहा आणि पाठवा. तिनं ते मला मोबाइलवर दाखवलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, पाठवून दे ना, वाट कोणाची बघतेस? तर म्हणाली, "तू पास केल्याबिगर मी नाई धाडत. तू पास केलं म्हनजे कोनाचा बाप त्यात खोट नाई काढू शकत." मला हसू आलं, आणि खोटं कशाला बोलू, आतून बरंही वाटलं. आपल्या शब्दाला एवढी किंमत देणारं माणूस कोणाला नको असतं?

मग एका गुरुवारी तिनं ती कल्पना सांगितली.

आधी एक रीत सांगायला हवी. आमच्या भागात बऱ्याच घरांत माणूस गेलं की त्याचा जीव जिथं गेला त्या जागी संध्याकाळी पीठ चाळून पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि पिठावर टोपलं पालथं घालतात. सकाळी टोपलं उचलून बघतात. पिठावर काहीतरी उमटलेलं असतं म्हणे. चिमणीचं पाऊल, वासराचा खूर, नाहीतर नुसती एखादी रेघ. गेलेलं माणूस आता कोणाच्या जन्माला गेलं, ते त्यावरून ओळखायचं. आमच्याकडे हे नाही. तिच्याकडे होतं.

"आइक," ती म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता, हळू होता. "दर घरचे लोकं आपआपलं पीठ पाह्यतात, चिमनी झाली म्हनतात अन् पुसून टाकतात. दुसऱ्याच्या घरी काय उमटलं, ते कोनी जाऊन पाह्यत नाई. बरोबर? आता एक बाई हाय. ते गावोगाव जाते अन् सकाळी टोपलं उचलाच्या वक्ताले फोटो काढते. नेर, उमरखेड, मुकुटबन, सगळीकडचे. शेकडो फोटो. एक दिवस ते सगळे फोटो माणसं ज्या क्रमानं मेले त्या क्रमानं भिंतीवर लावते. अन् तिले दिसते का हे पावलं नाईच. एका अक्षराचे तुकडे हायेत. दर माणूस मरून एक रेघ ओढते अन् पुढच्याची वाट पाह्यते. कोनीतरी लय दिवसापासून एकच पत्र लिहून राह्यलं."

बस खड्ड्यातून गेली. माझ्या हातांवर काटा आला होता आणि तो तिला दिसू नये म्हणून मी पदर ओढून घेतला होता.

"कोणाला लिहून राह्यलं?" मी विचारलं.

"ते मले ठाव नाई. ते शेवटच्या भागात ठरवू."

इथंच मी गप्प बसायला हवं होतं. कल्पना पास होती. पहिल्या वाक्यालाच पास होती. पण गप्प बसेल ती मी कसली! मी म्हटलं, पहिली खोट म्हणजे मुंग्या. पीठ म्हटलं की मुंग्या आल्या, रेघ त्यांचीच. आणि दुसरी खोट मोठी आहे. आमच्या घरी पीठ पसरत नाहीत. आमच्यासारखी कितीतरी घरं जिल्ह्यात आहेत. म्हणजे आमच्या मेलेल्यांच्या रेघा तुझ्या पत्रात आल्याच नाहीत. तुझ्या बाईच्या भिंतीवर जागोजागी भोकं पडणार. पत्र लागणारच नाही.

ती चकितच झाली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "मंग तुमी काहून नाई पसरत वं?"

तिच्या मनात काही नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "कायले पसरू? मागच्या जन्मी पाप केलं म्हणून या घरात जन्माला आलात, हे आमच्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ऐकवलं. कोण कोणत्या जन्माला जातं तो सगळा हिशोब आजोबांनी एका दिवसात फेकून दिला. आता तुझ्या मालिकेसाठी तो पुन्हा उचलून आणू का?"

"मी तसं नाई म्हटलं," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

मी हात लांब केला आणि काचेवर फुली मारली. इतक्या जोरात की नख कर्रकन वाजलं.

त्या दिवशी तिनं पतंग केला नाही. फुली तशीच राहिली. आम्ही नेरला उतरलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं, बाहेरून ती उलटी दिसत होती, पण फुलीला उलटं काय अन् सुलटं काय.

शुक्रवारी ती शेजारी बसली, पण कल्पना नाही. मीही विचारलं नाही. माझी चूक नव्हती, असं मला वाटत होतं. चूक नव्हतीच तशी. पण बोलायला काय झालं होतं? शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा. परत येताना यवतमाळच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुह्या फुलीचं उत्तर सापडलं मले. ते भोकं कसे भरतात ते. सोमवारी सांगतो." आणि हसली. मी म्हटलं, आत्ताच सांग. तर म्हणाली, "नाई, बसमधीच. नियम म्हनजे नियम."

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ती मधल्या खोलीत कपाटातून वह्या काढत होती. तिथंच पडली. डोक्यातली नस फुटली, असं नंतर डॉक्टर म्हणाले. गाडी दाराशी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मला तिच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. मी तिकडे जाईपर्यंत डाळीचा एक दाणा माझ्या मुठीतच राहिला होता, हे मला तिच्या घरी पोचल्यावर कळलं.

लग्न तिनं केलं नव्हतं. घरी ती आणि तिची म्हातारी आई, दोघीच. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरच्या माणसाच्या कपड्याचा रंग तेवढा कळायचा. ऑपरेशनसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट बघणं चाललं होतं. संध्याकाळी पाचच्या आत स्मशानातलं आटोपलं. बायकांच्या अंघोळी झाल्या. मी कोपऱ्यात बसले होते. तेव्हा मावशींनी, म्हणजे तिच्या आईनं, माझ्या साडीच्या रंगावरून मला ओळखलं आणि हाक मारली.

"बेटा, पीठ तू पसर. अन् सकाळी टोपलं बी तूच उचल."

तिची चुलत वहिनी तिथंच चाळणी घेऊन उभी होती. ती चमकली. मी तर चमकलेच.

"मावशी, मी हे मानत नाही. आमच्यात नसतं."

"म्हनूनच तं तुले म्हनतो. हे सगळे मले बरं वाटावं म्हनून चिमनी म्हनतीन. माह्या सासूच्या वक्ताले बी चिमनी म्हने, माह्या मालकाच्या वक्ताले बी चिमनी. इतक्या चिमन्या कुठून आल्या वं? मले दिसत नाई. तू खोटं नाई बोलत. तुही मैत्रीण नेहमी म्हने, त्या बाईनं सांगितलं म्हनजे तेच खरं. माही पोरगी कुठं गेली, मले खरं सांग. काही नसन तं काही नाई म्हन."

मी वहिनीच्या हातातून चाळणी घेतली. जिथं ती पडली होती तिथंच, कपाटासमोर, ज्वारीचं पीठ चाळलं. तिच्या शाळेच्या पिशवीत लाकडी पट्टी होती, तिच्या कडेनं सगळं एकसारखं केलं. ती पट्टी मी रोज बघत होते. मावशींनी चाचपडत टोपलं आणलं, माझ्या मदतीनं पालथं घातलं. शेजारी दिवा लावला. मी हात धुतले आणि घरी गेले. घरी माझ्याशी कोण काय बोललं, मी काय खाल्लं, मला आजही आठवत नाही.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी तिच्या दारात होते. बाहेर उजाडलं होतं, पण मधल्या खोलीला खिडकी नाही, तिथं तो दिवाच काय तो उजेड. ही आमची बसला निघण्याची वेळ. घरात शिरताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की आज ती उत्तर सांगणार होती. नियम म्हणजे नियम. मी स्वतःलाच रागावले, काय बाई वेड्यासारखं.

मावशी टोपल्यापलीकडे बसल्या होत्या. रात्रभर तिथंच होत्या म्हणे, कोणाला जवळ येऊ दिलं नाही. त्यांचा तळहात टोपल्याच्या पलीकडच्या काठावर घट्ट होता. वहिनी आणि दोन-तीन बायका दाराशी. मी गुडघ्यांवर बसले आणि टोपलं माझ्या बाजूनं तिरकं उचललं. पलीकडची बाजू त्यांच्या हाताखाली तशीच अंधारात राहिली.

पीठ मी केलं होतं तसंच सपाट होतं. आणि मधोमध फुली होती.

दोन रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. बोटभर जाडीच्या. मी मारते तशी, डावीकडची रेघ थोडी लांब.

"पाखराचं पाऊल!" वहिनी मागून म्हणाली. "चिमनी झाली वं बाई. सुटली." दुसरीनं डोळ्यांना पदर लावला.

"तुमी चूप बसा," मावशी म्हणाल्या. "तिले सांगू द्या. काय हाय बेटा?"

मी खोट शोधायला लागले. तेवढंच तर मला येतं. आणि खोट लगेच सापडली. हे माझंच बोट. धूळ दिसली की फुली मारतं, पीठ दिसल्यावर ते सोडेल का? काल संध्याकाळी पट्टी बाजूला ठेवल्यावर आणि टोपलं येण्याआधी माझ्या बोटानं सवयीनं काम उरकलं असणार. मावशींना दिसत नाही, वहिनी आत गेली होती, बघायला कोणी नव्हतं. अगदी सरळ आहे. फक्त मला ते आठवेना. चाळणी आठवत होती, पट्टी आठवत होती, मावशींचे चाचपडणारे हात आठवत होते. मधलं काहीच नाही. तिच्या त्या बारा मिनिटांसारखं सगळं कोरं. आणि मारली असेल, तर काय मेली मी! मैत्रिणीच्या शेवटच्या जागेवर सुद्धा नापासाची खूण करून आले?

मला चिमणी म्हणायचं होतं. फार वाटलं, म्हणून टाकावं. त्या एका शब्दावर म्हातारीनं उरलेलं आयुष्य अंगणात दाणे टाकत काढलं असतं. कोणाचं काय बिघडत होतं? माझ्या ओठांवर आलंच होतं.

"मावशी, फुली आहे," मी म्हणाले. "मी काचेवर मारायचे तशी. काल माझ्याच हातून झाली असेल. मला आठवत नाही. पाऊल नाही हे."

"असं कोनी करते का!" वहिनी ओरडलीच. "मेलेल्याच्या पिठावर!"

मावशी हलल्या नाहीत. त्यांचा चेहरा माझ्याकडे होता, डोळे माझ्या खांद्याच्या थोडे वरती कुठंतरी.

"नुसती फुली?" त्यांनी विचारलं. "पतंग नाई केला?"

मला वाटलं, मी जमिनीत जाते.

"ते घरी आली का रोज सांगे," मावशी म्हणाल्या. "आज बी नापास केलं वं माय मले, पन मी पतंग केला. मले रोज हसू ये. गुरुवारी आली तं तोंड एवढंसं. बोल्ली, आज नाई केला पतंग. धड जेवली बी नाई. मी म्हटलं, उद्या कर. तं बोल्ली, मी नाई आता. आता तो तिलेच करा लागते, तवाच माही कल्पना पास होते. शनिवारी मातर खूश होती. बोल्ली, सोमवारी तिच्या हातून करून घेतो, पाह्य तू."

दिव्याची वात तडतडली.

"मंग कर ना बेटा," मावशी म्हणाल्या. "सोमवार हाय आज."

मी बोट पुढे केलं. आमच्या घरात कोणी कधी असल्या पिठाला हात लावला नव्हता, आणि मी दुसऱ्यांच्या मेलेल्या माणसाच्या पिठावर रेघ ओढायला बसले होते. ती भोकं कशी भरतात, ते मला तेव्हा कळलं: ज्यांच्या घरी पीठ पसरत नाहीत, त्यांच्या रेघा अशा दुसऱ्यांच्या पिठावर उमटतात. एक रेघ ओढली. दुसरी वाकडी झाली. मी मोठ्यानं रडत होते आणि रडताना तिला पास, पास म्हणत होते, असं नंतर वहिनीनं सांगितलं. तिसरी ओढली. चौथी ओढून पतंग बंद केला.

"आता शेपटी," मावशी म्हणाल्या. "लांब काढ. तिले लांब लागे."

माझ्या बाजूला पिठाच्या काठाशी माझेच गुडघे होते, म्हणून शेपटी पतंगाच्या पलीकडच्या टोकापासून काढायची होती, त्यांच्या बाजूला. मी त्यांचा हात हळूच टोपल्यावरून उचलला आणि टोपलं पूर्ण बाजूला केलं. दिवा जवळ ओढला.

शेपटी तिथं होती. फुलीच्या त्या टोकापासून निघून, हेलकावे खात, पार पिठाच्या काठापर्यंत गेलेली. मी आयुष्यात कधी शेपटी काढलेली नाही. ते माझ्या बोटाच्या सवयीत नाही. मुंग्या, मी मनात म्हटलं. मुंग्याच, दुसरं काय असणार? मी नाक पिठाला लागेल इतकी वाकले आणि काठापासून काठापर्यंत बघितलं. एकही मुंगी नव्हती.

"काढली का वं शेपटी?" मावशींनी विचारलं.

"आहे, मावशी," मी म्हणाले.